विचारलं, पण मोजलं नाही

गेल्या बकरी ईदला रोह्याच्या घरी मोबाइलवर सातबारा उघडून बसलो होतो. पीककर्जासाठी अब्बांना तो हवा होता. कुंडलिकेच्या पलीकडे आमची थोडी भातशेती आहे, दादांच्या वेळची. भोगवटादाराच्या रकान्यात दोन नावं दिसली, एक अब्बांचं आणि एक चाचांचं. पेणहून ईदसाठी आलेली फुफू शेजारीच कांदे सोलत बसली होती. तिने मोबाइलकडे पाहून सहज विचारलं, "माझं नाव कुठे आहे?"

अब्बा म्हणाले, "तू सही केली होतीस ना."

"केली होती," फुफू म्हणाली. "पण कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं."

विषय तिथेच संपला. अम्मीने जेवणाची पानं घेतली. फुफूच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आठवडाभराने पुण्याला परत आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. 'अन्याय' या विषयावर संपादकीय लिहायचं ठरलं तेव्हा मनात दुसरेच मुद्दे होते. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी फुफूचा प्रश्न समोर यायचा. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अन्याय म्हणजे नक्की काय? नुकसान झालं की अन्याय झाला, असं आपण सहज बोलून जातो. पण ते तितकं बरोबर नाही. पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्याला खांड पडते, खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत धड पीक येत नाही. नुकसान मोठंच आहे. पण समुद्राने अन्याय केला असं कुणी म्हणत नाही. शेतकरी कपाळावर हात मारतो आणि पुन्हा मातीचा भराव घालायला लागतो.

आता यात एकच गोष्ट बदलून पाहू. बांध कमकुवत झाल्याचं गावाने आधीच लेखी कळवलं होतं, दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हे कायद्यात लिहिलेलं होतं, तरी पावसाळ्यापूर्वी कुणी फिरकलं नाही. पाणी तेच, नुकसानही तेवढंच. पण आता शेतकरी कपाळाला हात लावत नाही, कचेरीत जाऊन बसतो. जुडिथ श्क्लार या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९९० मध्ये अन्यायावर एक पुस्तक लिहिलं. दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, ही रेघ ओढणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही, आणि ती कोण ओढतं हाही सत्तेचा प्रश्न आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याचं काही बिघडलेलं नसतं त्याला सगळं दुर्दैव वाटतं. ज्याचं शेत बुडालेलं असतं त्याला बांधाच्या फायलीवरची तारीख दिसते.

ही रेघ ओढण्यासाठी मला तीन साधे प्रश्न उपयोगी पडतात. विचारलं का? विचारल्यावर उत्तर मोजलं का? आणि चुकलं तर जाब द्यायला कुणी बांधील आहे का? मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गोष्टी तपासायच्या याद्या करण्याची सवय आहे. पण हे प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. ते पेण आणि रोह्याच्या मातीतच सापडतात.

पहिला प्रश्न, विचारलं का? रोह्याचा माणूस चिंतामणराव देशमुखांचं नाव अभिमानाने घेतो. ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याच्या निर्णयाला त्यांचा विरोध होता, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्यांची तक्रार फक्त निर्णयाबद्दल नव्हती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही त्यांनी राजीनाम्याच्या वेळी स्पष्ट मांडलं. म्हणजे निर्णय काय झाला याइतकंच तो कसा झाला हेही त्यांना महत्त्वाचं वाटलं. निर्णय मनाविरुद्ध गेला तर माणूस हरतो. पण त्याला विचारलंच नाही तर तो हरतही नाही. तो त्या खेळात धरलेलाच नसतो.

दुसरा प्रश्न, मोजलं का? २१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझसाठी पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतली हजारो एकर जमीन घ्यायची होती. शेतकरी विरोधात उभे राहिले. एन. डी. पाटलांसारखे ज्येष्ठ नेते आणि उल्का महाजनांसारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. पेण तालुक्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. ज्या जमिनीला धरणाचं पाणी द्यायचं ठरलंय ती जमीन पिकाखालून काढायची कशी, हा गावकऱ्यांचा सरळ सवाल होता. शेवटी सरकारने या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं. प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही हे सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांनाच विचारावं, ही देशात फार दुर्मीळ गोष्ट होती. लोक कामधंदा सोडून आले, रांगेत उभे राहिले, आपलं मत नोंदवून गेले.

विरोध प्रचंड आहे हे वर्तमानपत्रांतून कळलं. पण ज्या सरकारने विचारलं होतं, त्याने निकाल अधिकृतपणे जाहीर करण्याची घाई केली नाही. कागद वर गेले आणि वरच राहिले. पुढे भूसंपादनाची मुदत सरली आणि सेझ उभा राहिला नाही. म्हणजे शेतकरी जिंकले. तरीही त्या दिवसाबद्दल बोलताना लोकांच्या बोलण्यात विजयापेक्षा एक खंत जास्त जाणवते. "आम्हाला विचारलं, पण आमचं उत्तर वाचलं नाही." जमीन वाचली, पण त्यांचा शब्द सरकारदरबारी नोंदला गेला नाही. माणसाच्या पदरात हवं ते पडलं तरी त्याच्यावर अन्याय झालेला असू शकतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं.

आणि हेटवणेचं पाणी? धरण पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातली गावं मात्र कित्येक उन्हाळे टँकरची वाट बघत काढत आली आहेत. नवी मुंबईतल्या माणसाने काही चोरलेलं नाही, तो पाणीपट्टी भरतो. पण धरणाच्या सावलीत राहणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरत नसेल, तर हिशेबात काहीतरी चुकलेलं आहे.

तिसरा प्रश्न, जाब कोण देणार? सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचं उघड झालं. ठेवीदार दोन लाखांच्या घरात होते. गणपतीचे कारखानदार, मच्छीविक्रेत्या, निवृत्त शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवणारे बाप. हिंदू, मुसलमान, आगरी, कोळी, सगळेच. त्या काळी ठेवीवरचं विमासंरक्षण एक लाख रुपयांपर्यंत होतं, १९९३ पासून तेवढंच. बँक अवसायनात गेली की किंवा तिचा परवाना रद्द झाला की ते मिळायचं. पण निर्बंधाखालची बँक धड जिवंत नसते आणि धड मेलेलीही नसते. त्यामुळे पैसा बँकेत अडकलेला आणि विम्याचं दारही बंद, अशा अवस्थेत माणसं वर्षानुवर्षं लटकू शकत होती.

पेणच्या ठेवीदारांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, हे आमच्या अखत्यारीत नाही. सहकार खातं रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवायचं आणि रिझर्व्ह बँक सहकार खात्याकडे. विम्याची मर्यादा पाच लाख झाली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली ती २०२१ मध्ये. कायदा सुधारला, चांगलंच झालं. पण २०१० साली साठीत असलेल्या माणसाला त्या सुधारणेचा काय उपयोग? चोरी हा गुन्हा आहे, तो कुणीतरी केला. पण या लोकांना जास्त जाळलं ते 'आमच्या अखत्यारीत नाही' या वाक्याने. उशीर म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय नसतो. म्हाताऱ्या माणसासाठी उशीर हाच निकाल असतो.

इथवर लिहायला मला त्रास झाला नाही, कारण चूक दुसऱ्याची होती. आता माझी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी कर्जाच्या अर्जांसाठी एक ऑनलाइन फॉर्म बनवत होतो. त्यात आडनावाचा रकाना मी सक्तीचा केला. माहितीचा साठा नीटनेटका राहावा एवढाच हेतू होता. काही महिन्यांनी नाकारलेल्या अर्जांची यादी सहज चाळताना लक्षात आलं की काही अर्ज केवळ नावापाशी अडकले आहेत. कागदपत्रांवर एकच नाव असलेल्या बाया होत्या, त्यात आपल्या समाजातल्या कितीतरी. आदिवासी वाड्यांवरची माणसं होती. आडनाव नाही म्हणून कुणी टिंब टाकलं होतं, कुणी नवऱ्याचं नाव. मग ते दुसऱ्या कागदाशी जुळलं नाही आणि अर्ज परत. नियम सगळ्यांना सारखा होता. मला एका सेकंदाचाही त्रास झाला नाही, कारण मला आडनाव आहे. माझ्या टीममधल्या सगळ्यांनाच होतं.

त्या खोलीत कुणीही वाईट माणूस नव्हता. कुणाच्या मनात द्वेष नव्हता. तरी अन्याय झाला. वर सांगितलेले तीनही प्रश्न तिथे लागू पडत होते. एक नाव असलेल्या माणसाला आम्ही विचारलं नाही, त्याचे परत गेलेले अर्ज मोजले नाहीत आणि स्क्रीनवर येणाऱ्या लाल अक्षरांखाली दाद मागायला कुणाचं नाव नव्हतं. मी रकाना दुरुस्त केला, दहा मिनिटांचं काम होतं. परत गेलेल्यांना कुणी फोन केला नाही. मीही केला नाही.

अरबीतल्या 'जुल्म' या शब्दाची जुन्या विद्वानांनी केलेली व्याख्या मला म्हणून फार पटते. एखादी गोष्ट तिच्या जागेवर न ठेवणं म्हणजे जुल्म. त्यात चाबूक नाही, रक्त नाही, आरडाओरडा नाही. जे ज्याचं त्याच्या जागी नाही, एवढंच. आपण जुल्म म्हटलं की जालिम शोधायला लागतो. जालिम सापडला नाही की जुल्म झालाच नाही असं समजून घरी जातो.

याच जिल्ह्यात महाड आहे. चवदार तळं सर्वांसाठी खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. तळं कागदावर खुलं झालं, पाण्यावर बंदच राहिलं. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. आपल्या सभांमध्ये आपण अभिमानाने सांगतो की त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. अभिमान योग्यच आहे. पण त्याआधीचं एक वाक्य आपण गाळतो. त्या तळ्यावर मुसलमानांना पाणी भरता येत होतं. दलितांना अडवलं जात होतं तेव्हा आपले लोक घागर भरून घरी येत होते. फत्तेखान मोठे ठरतात ते यासाठीच. स्वतःची घागर भरलेली असताना त्यांना दुसऱ्याची रिकामी घागर दिसली.

अन्याय सोसणाऱ्याला तो लगेच कळतो. ज्याचा त्यात फायदा असतो त्याला दाखवून द्यावा लागतो. दोघंही एकच माणूस असू शकतात. पुण्यात घर शोधताना एजंटने फोनवर "लगेच या" म्हटलं, नाव सांगितल्यावर "फ्लॅट कालच गेला" म्हटलं. हे माझ्यासोबत तीनदा झालं. सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या समाजाची जी स्थिती मांडली, ती मला आकड्यांशिवायही समजते. त्यावर बोलणं हे आपल्या चळवळीचं काम आहे आणि आपण ते करत राहणार. पण फ्लॅट नाकारला म्हणून चिडलेला मी आणि फुफूचं नाव नसलेला सातबारा बिनदिक्कत डाउनलोड करणारा मी, यात दोन माणसं नाहीत.

फुफूचं प्रकरण कायद्याच्या भाषेत अगदी साधं आहे. दादा गेले, वारस नोंद करायची होती. भावांनी हक्कसोड पत्र तयार करवून घेतलं, दुय्यम निबंधकासमोर बहिणीची सही झाली, फेरफार मंजूर झाला. कुठेही बेकायदा काही नाही. अशी हक्कसोड पत्रं फक्त आपल्यात होतात असंही नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, तरी माहेर तुटू नये म्हणून त्याही सह्या करून देतात. आपल्यात मुलीला भावाच्या निम्मा वाटा ठरलेला आहे. तो निम्माच का, हा वाद आपल्या मासिकात पूर्वी झाला आहे आणि पुढेही होईल. पण या वादात दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोलणाऱ्या किती घरांत तो निम्मा तरी बहिणीच्या नावावर चढला आहे? शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणणारे भाऊ जमिनीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवतात. सुधारणा हवी म्हणणारे माझ्यासारखे लेख लिहितात. बहिणीचं नाव दोघांच्याही सातबाऱ्यावर नसतं.

माझे अब्बा वाईट माणूस नाहीत. फुफूच्या मुलाच्या फीला त्यांनी पैसे दिलेत, तिच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसलेत. "तिला कधी काही कमी पडू दिलंय का?" असं ते विचारतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. पण मदत आणि हक्क यात फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मनावर असते, हक्क नसतो. मदत घेताना फुफूने आयुष्यभर मान खाली घातली. तो पैसा कदाचित तिचाच होता.

मागच्या महिन्यात मी पेणला जाऊन तिला भेटलो. म्हटलं, अब्बांशी बोलतो, वाटा तुझ्या नावावर परत करता येईल का बघतो. ती हसली. म्हणाली, "आता या वयात शेती कोण करणार? मला जमीन नको रे." थोडं थांबून म्हणाली, "तेव्हा विचारलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

पेणच्या २२ गावांची तक्रार याहून फार वेगळी नव्हती.

मी अब्बांशी बोललो. बोलणं सोपं नव्हतं आणि अजून संपलेलं नाही. चाचा माझ्याशी नीट बोलत नाहीत. शहरात राहून घर फोडायला निघालास, असं ते म्हणतात. अब्बांनी एवढंच मान्य केलं आहे की फुफूला रोह्याला बोलावून, कागद समोर ठेवून, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग ती म्हणेल ते करायचं. ती नको म्हणाली तर नको. पण या वेळी नकार तिचा असेल. आम्ही तो लिहून घेऊ.

वाचकांना एक विनंती. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, गाव आणि गट क्रमांक माहीत असला की पुरे. सरकार, बँक, घरमालक, कंपनी यांच्याविरुद्धची आपली गाऱ्हाणी खरी आहेत आणि त्यांचा जाब आपण मागतच राहू. पण आज रात्री जेवणं उरकल्यावर आपल्या घरातला सातबारा उघडा, नावं मोठ्याने वाचा आणि कुणाचं नाव नाही ते बघा. ती घरात नसेल तर तिला फोन करा.